बावन्नाव्या वर्षी सर्फिंग? जा, आणि सहाच्या सहा दिवस राहा

पत्र : "ताई, मी ५२ वर्षांची, नाशिकला असते, बँकेतून व्हीआरएस घेतलीय. मुलगा लिस्बनला नोकरीला आहे, त्याने सप्टेंबरमध्ये आम्हा दोघांना बोलावलंय आणि एरिसेरा म्हणून समुद्राकाठचं गाव आहे तिथे सहा रात्रींची खोली घेऊन ठेवलीय, म्हणतो आई तू इथे सर्फिंग शिक. ह्यांचं म्हणणं, समुद्र बघायला एक दिवस पुरे, एवढा खर्च करून जातोय तर उरलेल्या दिवसांत पॅरिस-स्वित्झर्लंड करू. वर मला पोर्तुगालच्या लाटेचा एक व्हिडिओ दाखवला, आठ मजली बिल्डिंगएवढी लाट, आणि म्हणाले ह्यात उतरणारेस का तू? मी लहानपणी मामाच्या विहिरीत पोहायला शिकले, अजूनही टँकवर जाते पण समुद्रात कधी पोहले नाही. बीपीची एक गोळी चालू आहे. अंडं चालतं, मासे-मटण नाही. आणि खरं सांगू, मला लाटेपेक्षा त्या कपड्यांचीच धास्ती जास्त वाटते, आमच्याकडे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. पण मला मनापासून करून बघायचंय. वेडेपणा आहे का हा? (नाव छापू नका)"

ताई, वेडेपणा अजिबात नाहीये. जा. आणि मुलाने घेतलेल्या सहाच्या सहा रात्री तिथेच राहा, कारण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटायला लागलं की तुमच्या घरातला खरा वाद सर्फिंगचा नाहीच, दिवसांचा आहे, आणि त्या वादात माझं मत पूर्णपणे तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. का ते सांगते.

आधी तो व्हिडिओ मिटवूया. तो नक्की नाझारेचा असणार. नाझारे एरिसेराच्या उत्तरेला, गाडीने तास-सव्वातासावर, आणि तिथली गोष्टच वेगळी आहे. समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे, दोनशेपेक्षा जास्त किलोमीटर लांब, आणि ती थेट किनाऱ्याच्या तोंडापर्यंत येते. लांबून येणाऱ्या लाटेचा जो भाग ह्या दरीवरून येतो त्याला तळ लागत नाही म्हणून त्याचा वेग टिकतो, शेजारचा भाग उथळ पाण्यात मंदावतो, आणि किनाऱ्याजवळ ते दोन्ही एकमेकांवर चढतात, मग तो डोंगर उभा राहतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सेबास्टियन स्टॉइडनर ह्या जर्मन सर्फरने तिथे २६.२१ मीटरची लाट घेतली, गिनीजमध्ये तिची नोंद आहे. पण असल्या लाटा साधारण ऑक्टोबर ते मार्च ह्या काळात येतात, ते लोक जेट स्कीने, म्हणजे पाण्यावरच्या मोटरस्कूटरने, लाटेवर सोडले जातात, आणि आयुष्यभर दुसरं काही केलेलं नसतं त्यांनी. एव्हरेस्टचा व्हिडिओ बघून पांडवलेणी चढायला घाबरावं तसं झालं हे. तुमची लाट कमरेएवढ्या पाण्यातली असणार, ती आधीच फुटलेली असते, नुसता पांढरा फेस ढकलत किनाऱ्याकडे येतो आणि त्यावर तुम्ही बोर्ड घेऊन.

तरीपण मिस्टरांना हसू नका, त्यांच्या काळजीत तथ्य आहे. एरिसेरा गाव एकदम निवांत आहे, समुद्र मात्र निवांत नाहीये, आणि तिथे जाणारे पुष्कळ लोक नेमकी ह्या दोन्हीत गल्लत करतात. गावात चपला न घालता फिरणारी पोरं, बोर्ड बगलेत मारून पाव आणायला निघालेले लोक, पांढरी घरं त्याला निळ्या पट्ट्या, कॉफीच्या एका कपावर दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही. हे बघून माणूस सैल होतो आणि त्याच सैलपणात पाण्यात उतरतो. अटलांटिकला ते चालत नाही. आपल्याकडे कोकणात नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत ना, तेवढाच मान तिथल्या समुद्राला द्यायचा, सप्टेंबरचं ऊन कितीही गोड पडलेलं असू दे.

आता दिवसांचं.

एरिसेरा लिस्बनपासून जेमतेम ५० किलोमीटर, रेल्वे नाही पण काम्पो ग्रांदेहून बस सुटते, सव्वा तासाच्या आत पोचता. त्यामुळे एका दिवसात 'करून' परत येणारे टुरिस्ट भरपूर. सकाळी अकराला उतरतात, फोटो, जेवण, संध्याकाळची बस. गाव दिसतं, नाही असं नाही. पण सर्फिंग शिकायचं असेल तर ही पद्धत पूर्णच बाद, कारण तुमची लाट कधी येणार हे तुमच्या तिकिटावर छापलेलं नसतं. तिथे तीन गोष्टी जमून याव्या लागतात. एक, बाहेरून येणारी लाट बेताची हवी, आदल्या आठवड्यात उत्तर अटलांटिकमध्ये कुठे वादळ झालं असेल तर त्याच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून इथे पोचतात आणि मग दोन दिवस शिकणाऱ्यांचा वर्ग भरतच नाही किंवा दुसऱ्याच बीचवर हलवतात. दुसरं म्हणजे वारा. उन्हाळ्यात ह्या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा सुटतो, त्याला ते नोर्ताडा म्हणतात, सकाळी पाणी गुळगुळीत असलं तरी दुपारनंतर सगळं विस्कटतं, सप्टेंबरमध्ये त्याचा जोर जरा उतरायला लागतो पण तो गेलेला नसतो. तिसरी भरती-ओहोटी. मोठ्या भरतीला तिथे पाण्याच्या पातळीत तीन मीटरच्या वर फरक पडतो, आणि वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पूर्ण भरतीला लाट काठाशीच येऊन आपटते, नवख्याला जागाच उरत नाही. म्हणून सर्फ स्कूलवाले आदल्या रात्री मेसेज टाकतात, उद्या सकाळी साडेआठ, अमुक बीच. कधी दुपारी तीन. कधी उद्या नाही, परवा.

सहा दिवस असले की ह्यातले तीन-चार दिवस तरी तुमच्या हाती लागतात. एक दिवस असला तर तो नशिबावर. आणि शिकण्याचंही तसंच आहे, पहिल्या दिवशी नुसतं पाणी नाकात जातं आणि हात भरून येतात, दुसऱ्या दिवशी उठावंसं वाटत नाही, मधे एक दिवस सुट्टी घेतली की अंग मोकळं होतं आणि मग बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या वर्गात पहिल्यांदा बोर्डवर नीट उभं राहता येतं. ही सुट्टी मधे पाहिजेच, पन्नाशीनंतर तर नक्कीच. मिस्टरांना एवढं एक समजावून सांगा, की सहा दिवस म्हणजे सहा दिवस रिकामं बसणं नाहीये, त्याशिवाय हे होऊच शकत नाही.

बीच कुठला, ह्यावर जरा जास्त बोलते, कारण सगळी सुरक्षितता इथेच ठरते. एरिसेराला २०११ मध्ये वर्ल्ड सर्फिंग रिझर्व्ह जाहीर केलं, युरोपातलं पहिलं. सेव्ह द वेव्ज नावाची संस्था आहे, ती जगातले चांगल्या लाटांचे किनारे बांधकामापासून आणि खराब होण्यापासून जपले जावेत म्हणून असा दर्जा देते. इथे थोडक्या किलोमीटरच्या पट्ट्यात सात नावाजलेल्या लाटा आहेत. पण ह्यातल्या बऱ्याचशा खडकांवर फुटतात. कोशुश म्हणून एक जागा आहे, कड्यावरून बघायला डोळ्यांचं पारणं फिटेल अशी, उजवीकडे धावत जाणारी लांबलचक लाट, तिथे बसून बघायचं, पाण्यात पाय घालायचा नाही. खाली वाळू नाहीये, दगड आहेत आणि समुद्री अर्चिन नावाच्या काटेरी गोळ्यासारख्या जिवाचे काटे आहेत. मुलगा स्वतः चांगलं सर्फिंग करत असेल आणि म्हणाला की आई चल मी आहे ना, तरी नाही. तुमच्यासाठी फोझ दो लिझांद्रो, गावाच्या दक्षिणेला नदीच्या मुखाशी पसरलेला वाळूचा मोठा किनारा, शिकवण्या बऱ्याचदा तिथेच चालतात. पण नदीच्या तोंडापाशी ओढ असते, तिथून लांब, शिकवणारा दाखवेल त्याच पट्ट्यात राहायचं. रिबेइरा दिल्याश हा उत्तरेचा प्रसिद्ध बीच, स्पर्धा होतात तिथे, सर्फ स्कूलही जातात, पण गर्दी असते. आणि नुसतं डुंबायचं असेल तर गावाच्या मधोमध बंदराच्या आडोशाला कोळ्यांचा बीच आहे, प्राया दोस पेस्कादोरेस, तिथलं पाणी त्यातल्या त्यात शांत.

झेंडे पाठ करा. हिरवा म्हणजे पोहू शकता. पिवळा म्हणजे पोहायचं नाही, काठाशी पाय भिजवले तर चालतील, आपल्याला पिवळा बघून 'जरा जपून' एवढाच अर्थ वाटतो पण पोर्तुगालमध्ये पिवळ्याला पोहायला बंदी आहे. लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा दिसला तर जीवरक्षक थोड्या वेळासाठी जागेवर नाहीये. आणि सप्टेंबर सरत आला की काही किनाऱ्यांवरचे जीवरक्षक निघून जातात, हंगाम संपतो, म्हणून तुमच्या तारखांना तिथे कोण असणार आहे हे मुलाला आधी विचारून घ्यायला सांगा. एकटीने पाण्यात जाऊ नका, टँकवर कितीही छान पोहत असलात तरी. टँकमध्ये ओढ नसते. समुद्रात दोन लाटांच्या मधे एखादी शांत दिसणारी पट्टी असते, फेस नाही, लाट फुटत नाही, नवीन माणसाला वाटतं इथून सोपं आहे, आणि नेमकं तिथूनच पाणी परत आत ओढलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दमून जाल. तरंगत राहायचं, हात वर करून हाका मारायच्या, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर सरकत सरकत त्या पट्टीच्या बाहेर यायचं. वर्गात असताना बोर्ड पायाला दोरीने बांधलेला असतो, तो सोडायचा नाही, तोच तुम्हाला तरंगत ठेवतो. इमर्जन्सीचा नंबर ११२.

आता कपडे. ताई, ही काळजी तर तिथल्या थंडीनेच सोडवून टाकलीय. गोव्याचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, एरिसेराचं पाणी वर्षातल्या सगळ्यात उबदार महिन्यांतही १८-१९ च्या आसपास. कारण तोच उत्तरेचा वारा, तो वरवरचं पाणी आत समुद्राकडे ढकलतो आणि खालचं गार पाणी त्याच्या जागी वर येतं. ह्याच गार पाण्यात मासे भरपूर पोसले जातात, त्यावरच हे गाव पिढ्यानपिढ्या जगलं. तर त्या पाण्यात बाई असो पुरुष असो, अठराचा असो साठीचा असो, सगळे मानेपासून घोट्यापर्यंत काळ्या रबरी वेटसूटमध्ये असतात, तीन-चार मिलिमीटर जाडीचा. पंजाबी ड्रेसपेक्षा जास्त अंग झाकलं जातं. आत पोहण्याचा साधा कॉस्च्युम घाला, तुमचा टँकवरचा चालेल. सूट आणि बोर्ड शाळाच देते, विकत काही घेऊ नका. फक्त साइझ घट्टच घ्या, पहिल्यांदा घालताना घुसमटल्यासारखं वाटतं पण सैल सूटमध्ये पाणी शिरत राहतं आणि वीस मिनिटांत हुडहुडी भरते. बदलायला मोठा टॉवेलचा झगा मिळतो डोक्यातून घालायचा, पार्किंगमध्ये सगळे त्याच्याच आत कपडे बदलतात आणि कोणी कोणाकडे बघत नाही. फोटो ग्रुपवर गेले तर जाऊ देत, बोर्डवर उभ्या असलेल्या तुम्ही दिसाल त्यात, अजून काय पाहिजे.

वर्ग दीड-दोन तासांचा असतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं वाळूवरच, बोर्डवर पालथं पडायचं, हातांनी पाणी मारायचं, मग तळहात छातीशी टेकवून एका झटक्यात पाय खाली आणून उभं राहायचं. ह्याची तयारी नाशिकमध्ये आजपासून करता येईल. भुजंगासनात जा आणि तिथून एक पाय दोन्ही हातांच्या मधे आणून उभ्या राहा, गुडघा न टेकवता, सतरंजीवर, रोज थोडं थोडं. सूर्यनमस्कार घालत असाल तर अर्धं काम झालंच आहे. टँकवर नुसत्या लेंथ मारू नका, श्वास रोखून पाण्याखाली शांत राहण्याचा सराव करा, कारण पडल्यावर दोन-तीन सेकंद कळत नाही वर कुठे आहे, त्या वेळी न घाबरणं हेच कौशल्य. पडताना डोकं खाली करून सूर मारायचा नाही, आडवं सपाट पडायचं आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, स्वतःचाच बोर्ड लागतो बऱ्याचदा. बोर्ड मऊ फोमचा आणि मोठा मागा, आठ-नऊ फुटी. छोटा छान दिसतो पण तुमच्या कामाचा नाही.

बीपीचं डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, "ट्रिपला जातेय" असं मोघम नाही, थंड पाण्यात दोन तास दमणूक होणार आहे असं सांगून. थंड पाण्यात एकदम शिरलं की बीपी वर जातं आणि श्वास जोरात लागतो, म्हणून हळूहळू उतरायचं, आधी मनगटं आणि चेहरा ओला करायचा. डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. हो म्हणाले तर शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक छोटी गोष्ट, ओहोटीला उथळ वाळूत एक काटेरी मासा पुरलेला असतो, पाय पडला तर भयंकर ठणकतं. सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा अर्धा तास, ठणका उतरतो, आणि जीवरक्षकाला दाखवायचं.

मिस्टर काय करतील सहा दिवस? मला वाटतं त्यांना कंटाळा यायला वेळच मिळणार नाही. दहा-एक किलोमीटरवर माफ्रा आहे, तिथला राजवाडा १७१७ मध्ये बांधायला घेतला, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, आणि त्याच्या ग्रंथालयात वटवाघळं राहतात, मुद्दाम राहू दिलेली, रात्री बाहेर येऊन पुस्तकं खाणारे किडे खातात. एक अख्खी सकाळ द्या त्याला. कोळ्यांच्या बीचवर उभं राहिलात की त्यांना सांगा, पोर्तुगालचा शेवटचा राजा दुसरा मानुएल ५ ऑक्टोबर १९१० ला ह्याच वाळूवरून होडीत बसून देश सोडून गेला, त्या दिवशी लिस्बनमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं आणि तो परत कधी राज्यावर आला नाही. गोवा तेव्हा त्यांच्याच ताब्यात होता, पुढेही १९६१ पर्यंत, तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. आणि तुमचा वर्ग चालू असताना त्यांना वर कट्ट्यावर बसू दे. भरती चढताना, उतरताना बघणं हेच तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं रोजचं काम आहे, कोळीवाड्यातले निवृत्त लोक ओळीने बसलेले असतात, भाषा येत नसली तरी शेजारी जागा करून देतात. दोन दिवसांत ते स्वतःच तुम्हाला सांगायला लागतील, आज वारा लवकर फिरणार.

एक मात्र, गावात राहताना थोडं भान ठेवा. लाटांमुळे आणि लॅपटॉपवर काम करणाऱ्या परदेशी लोकांमुळे तिथली घरभाडी खूप चढलीत, मूळच्या लोकांना ते जड जातंय आणि ते बोलूनही दाखवतात. मोठ्या साखळी दुकानांपेक्षा गावातल्या बेकरीत, बाजारात खर्च करा, दुकानात शिरताना 'बों दिया', म्हणजे सुप्रभात, म्हणा. पाण्यातही तेच, दुसरा कोणी लाटेवर असेल तर त्याच्या पुढ्यात जायचं नाही. एका लाटेवर एक माणूस, जो फुटण्याच्या जागेच्या सगळ्यात जवळ त्याचा हक्क.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. तसं गाव माशांचं आहे, पण सर्फिंगवाल्यांमुळे शाकाहारी आणि व्हीगन कॅफे बरेच झालेत. साध्या हॉटेलात भाज्यांचं दाट सूप मिळतं, ते मागताना मांस घातलंय का विचारायचं कारण हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती टाकतात. माफ्राचा पाव जाड सालीचा आणि ओलसर, तो गरम मिळाला तर दुसरं काही नको. पस्तेल दे नाता म्हणजे तिथला छोटा कस्टर्ड टार्ट, त्यात अंडं असतं, तुम्हाला चालतंय. टेबलावर बसल्या बसल्या पाव-ऑलिव्ह-चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं, नको असेल तर लगेच परत न्या म्हणायचं. पोहे, मेतकूट, चिवडा न्यायचा तर न्या, खोलीत किचन असेलच, सर्फिंगनंतर भूक मरणाची लागते.

संध्याकाळसाठी जाडसर जॅकेट घ्या, ऊन गेलं की वारा बोचतो.

आणि पॅरिसचं म्हणाल तर एरिसेरा झाल्यावर तीन-चार दिवस करा की, एकाच शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर होतं, स्वित्झर्लंड पुढच्या वेळी. फक्त अर्ज पोर्तुगालचाच करायचा, ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असा नियम आहे, म्हणून आधी दिवस पक्के करा मग फॉर्म भरा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, त्यामुळे आत्ताच बघायला लागा. मुलाकडून निमंत्रणाचं पत्र आणि राहण्याची कागदपत्रं मागवून ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो घेताना सर्फिंग आणि आधीपासूनचं बीपी ह्या दोन्ही गोष्टी त्यात धरल्यात का हे एजंटकडून लेखी घ्या, बऱ्याच पॉलिसी ह्या दोन्ही वगळतात आणि तोंडी "हो मॅडम, सगळं कव्हर आहे" ह्याला काही अर्थ नसतो. त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तर भरा.